कौसाची भाकर

कौसा गेली हे दवाखान्यात मला कुणी तोंडानं सांगितलं नाय. आमचा भगवान येऊन माझ्याशेजारी फरशीवर बसला. कंपनीत साहेब झाल्यापासून पोरगा कधी भुईवर बसलेला नाय. तवाच समजलो...

मी चौथी शिकलेला माणूस. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात पोती उचलून म्हातारा झालो, आता पोराकडं संभाजीनगरात राहतो. लिहायची सवय नाय. पण माझी बायको कौसा हुंड्याच्या लग्नातलं जेवत नव्हती, हे कुठंतरी सांगितल्याशिवाय जीव राहत नाय. ज्या लग्नात हुंडा घेतला, तिथंसुद्धा ती जायची. अक्षता टाकायची, नवरीच्या तोंडावरून हात फिरवायची अन् पंगत बसली की मांडवाबाहेर जाऊन फडक्यात बांधून आणलेली भाकर अन् ठेचा खायची. मी आत बुंदी हाणायचो. बाहेर आलो की म्हणायची, "झालं का पोट भरून? हात धुवा नीट, तेल लागलंय."

हे लागलं ते तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नापासून. देवगाव रंगारीला मांडव होता. पोरीचं लग्न लागेस्तोवर आईबापानं खायचं नसतं, म्हणून माझा सासरा सकाळपासून उपाशी, अन् तसाच पाहुण्यांना वाढत होता. तेवढ्यात नवरदेवाचा चुलता पत्रावळीवरून उठला. म्हणाला, मोटारसायकल दिसत नाय. सासऱ्यानं भाजीची बादली खाली ठेवली अन् भरल्या पंगतीत त्याच्या पायावर डोकं ठेवलं. पाहुणे परत बसले, पोटभर जेवले. पुढं रानाचा तुकडा विकून गाडी दिली. कौसा म्हणायची, "ते अन्न नाय, माझ्या बापाची भूक हाय. मी कशी गिळू?"

अन् मग आमच्याच नातवाची सोयरीक ठरली. बैठकीत भगवान पाहुण्यांना म्हणाला, "आम्हाला काही नको. तुमच्या लेकीला हौसेनं काय द्यायचं ते द्या." कौसा दारातून बोलली, "काही नको, तर मग कारचा रंग कुणी विचारला रं?"

"आई, तू चहा बघ."

पाहुणे गेल्यावर तो तिला म्हणाला, लग्नात तरी फडकं आणू नको, माझं नाक जाईल. ती म्हणाली, "कोपऱ्यात बसून खाईन. तुझ्या नाकाला धक्का नाय लावणार." त्यावरून मायलेकांत अबोला झाला. तो तसाच राहिला, अन् तिच्या छातीत दुखायला लागलं...

वर्षाच्या आत करावं म्हणून लग्न थांबवलं नाय, मागच्या आठवड्यात झालं. मी सकाळी भाकर थापली, जन्मात पहिल्यांदा. तव्यावर मोडली, एका अंगानं जळली. तीच तिच्या फडक्यात बांधली. बायपासच्या लॉनवर फुलं लावलेली कार उभी होती, लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. लग्न लागलं, टेबलं मांडली, तसा मी बाहेर झाडाखाली जाऊन बसलो.

थोड्या वेळानं नवरीचा बाप पळत आला. तोंड उतरलेलं. नवरदेवाचा आजा जेवत नाय म्हणजे रुसला, असंच त्याला वाटलं. "आबा, काय कमी पडलं? सांगा फक्त, उद्याच्या उद्या देतो," म्हणत तो माझ्या पायाकडं वाकला.

मी त्याचे दोन्ही हात धरले. "कमी काही नाय पडलं. लईच दिलं तुम्ही. जेवलात का?"

"तुमच्या आधी कसा जेवू?"

अर्धी भाकर मोडून त्याच्या हातात दिली. तो शेजारी मातीत बसला, नव्या कपड्यासकट. दोन घास खाल्ले.

"आबा, कच्ची हाय."

"व्हय. करणारी गेली."

त्यानं पुढचा घास मोडला. सगळी खाल्ली.

घरी आलो तर खोलीत कुणी नव्हतं. फडकं झटकून तिच्या खुंटीला टांगलं. मग मोरीत जाऊन हात धुतले. तेल लागलेलं नव्हतं, तरी नीट धुतले.