निखिलच्या पितळी कीकॅप्स

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आहे. रत्नागिरीत माझं छोटं दुकान आहे आणि गेली अठरा वर्षं रोज कोणीतरी काउंटरवर येऊन सांगतो, "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." आपोआप काही होत नसतं. उघडून बघावं तर आत मुंग्यांनी घर केलेलं असतं, नाहीतर चहा सांडलेला असतो. त्यामुळे या ग्रुपवर लोक लिहितात ते पिंपळाखालच्या बाईचे वगैरे अनुभव मी वाचायचो, हसायचो आणि पुढे जायचो. आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा... माझी हरकत नाही.

आमचं घर पावस गावात. तिथे आई असते, आणि तेव्हा माझ्या धाकट्या भावाची, निखिलची बायको सायलीही तिथेच राहायची. मी बायको-मुलीबरोबर रत्नागिरीत राहतो आणि दर रविवारी पावसला जातो. निखिल मर्चंट नेव्हीत, इंजिनरूमला. सहा-सात महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. घरी आला की त्याचा एकच नाद — मेकॅनिकल कीबोर्ड. म्हणजे ज्याच्या प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो तो. वरच्या टोप्या, म्हणजे कीकॅप्स, आपल्याला हव्या तशा काढता-घालता येतात. हा पठ्ठ्या त्यावर तासन्‌तास जहाजावरच्या गोष्टी लिहीत बसायचा. कोणाला वाचायला द्यायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपती करून तो जहाजावर गेला. जाण्याआधी त्याने पितळेच्या कीकॅप्स मागवून ठेवल्या होत्या. कोऱ्या, एकीवरही अक्षर नाही, सगळ्या एकाच उंचीच्या, आणि वर लॅकरचा, म्हणजे चकाकी टिकवणारा थर नाही. मी म्हटलं, "मेल्या, देवघरातल्या समया काय कमी आहेत घासायला?" तर म्हणतो, "घासायच्याच नाहीत, दादा. खाऱ्या हवेत काळ्या पडू देत. ज्या वापरात राहतील त्या बोटांनी आपोआप लखलखीत राहतील." पार्सल माझ्या दुकानावर येणार होतं. बसवायचं काम माझ्याकडे.

पार्सल दिवाळीनंतर आलं. त्याचे मेसेज यायचे, "दादा, बसवल्यास का?" मी लिहायचो, "बसवतो रे, दुकानात गर्दी आहे." गर्दी कसली... दुपारी मी माशा मारत बसलेला असायचो. कंटाळा, दुसरं काही नाही. असे चार-पाच वेळा त्याने विचारलं. मग जानेवारीत फोन आला, तो कंपनीचा. सकाळच्या हजेरीला निखिल जहाजावर नव्हता. जहाज मागे फिरवून दोन दिवस शोधलं. काही मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

महिन्याभराने आई म्हणाली, "संज्या, ती बटणं बसवलीस काय?" मी म्हटलं, "आता कशाला, आई?" तर म्हणाली, "तो आल्यावर विचारील. सांगितलेलं काम करून ठेवावं माणसाने." मला रडू आलं आणि रागही आला, पण दुसऱ्याच रविवारी मी पार्सल घेऊन गेलो. निखिलच्या टेबलापाशी, भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून बसलो. सायली दारात उभी होती.

कोऱ्या पितळेला घामाचा हात लागला की डाग पडतो म्हणून मी दवाखान्यातले पातळ हातमोजे घातले होते. हे लक्षात ठेवा. चिमट्याने जुन्या प्लॅस्टिकच्या टोप्या उपसल्या. खाली स्विचचे दांडे दिसतात, अधिकच्या चिन्हासारखे. त्यावर एकेक पितळी टोपी ठेवायची आणि सरळ दाबायची, तिरकी दाबली तर दांडा मोडतो. स्पेसबारचं काम कटकटीचं. त्याच्याखाली तार असते, दोन्ही टोकं एका वेळी बसावी लागतात. माझ्याकडून ते तीनदा वाकडं बसलं. शेवटी बसलं तेव्हा त्याचा आवाज प्लॅस्टिकसारखा टकटक नाही आला, खोल खणकन्‌ आला. सायली तिथून निघून गेली. मी वर मलमलीचं फडकं टाकलं, केबल काढून खणात ठेवली आणि घरी आलो. म्हणजे बघा — त्या टोप्यांना उघड्या बोटाने कोणी शिवलेलं नव्हतं. निखिलने तर त्या पाहिल्यादेखील नव्हत्या.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी फडकं उचललं. पावसची हवा, खिडकीतून समुद्राचा वारा... पितळ काळपट पडलेलं असणार हे उघड होतं. पडलंही होतं. पण सगळं नाही. मधली पंधरा-वीस बटणं अशी लखलखत होती जशी काही आत्ताच कोणी आमसुलाने घासली आहेत. आणि स्पेसबारवर उजव्या बाजूला, एकाच जागी, अंगठ्याएवढा उजळ ठिपका. निखिल स्पेसबार तिथेच दाबायचा. उजव्या अंगठ्याने, अगदी कडेला.

मला वाटलं आईचं काम. देवाची भांडी घासता घासता हात फिरवला असेल. विचारलं तर आई भडकली. "मी घासलं असतं तर सगळं घासलं असतं. अर्धंमुर्धं भांडं घासून ठेवायची सवय नाय मला." सायलीने शपथ घेतली. खोटं बोलणारी पोर नाही ती.

मग मी कीबोर्ड दुकानात आणला आणि काचेच्या कपाटात कुलपात ठेवला. किल्ली माझ्या खिशात. दोन महिने बाकीची बटणं आणखी काळी होत गेली, ती तेवढी उजळच राहिली. मी म्हटलं पितळेत फरक असेल. काही टोप्यांना कारखान्यात काहीतरी लागलं असेल. म्हणून आमच्या धंद्यात करतात तेच केलं — पार्ट बदलून बघितला. हातमोजे घालून उजळ टोप्या काढल्या आणि कडेच्या जागी बसवल्या, कडेच्या काळ्या टोप्या मधे आणल्या. दोष टोपीत असेल तर टोपीबरोबर जाईल, साधा हिशोब.

सहा आठवड्यांनी मधे आणलेल्या काळ्या टोप्या लखलखीत झाल्या होत्या, आणि कडेला नेलेल्या उजळ टोप्या काळ्या. टोपीत काही नव्हतं. जागेत होतं.

त्या जागांवरची अक्षरं मी कागदावर लिहून काढली, उलटसुलट जोडून बघितली. काही निघत नाही. रोजच्या लिहिण्यात जी बटणं जास्त लागतात तीच आहेत, बस. कॉम्प्युटरला जोडूनही पाहिलं. आठ दिवस दुकानात एक स्क्रीन उघडी ठेवली. एक अक्षर उमटलं नाही.

हे सगळं मी आईला सांगायला नको होतं. पण सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग आहे तो." कीबोर्ड परत पावसला न्यायला लावला. रोज सकाळी पूजा झाली की फडकं उचलून बघायची आणि फडकं टाकून चुलीकडे जायची. तिच्यापुरता प्रश्न मिटला होता.

सायलीचा मिटला नव्हता. तिचं वय तेव्हा एकोणतीस. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, आणि शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर कुजबुजायच्या. एका संक्रांतीला एका घरी तिला बोलावलं आणि कुंकवाचा करंडा तिच्यापर्यंत आला तेव्हा यजमानीण बाई थांबली. काय करावं तिलाच कळेना. सायली उठून घरी आली. मी त्या दिवशी पावसलाच होतो. मला म्हणाली, "भाऊजी, एकदा काय ते सांगून टाका. मी कोण आहे? मला कुठलंही चालेल. पण हे असं मधेच नको." लांज्याला तिचं माहेर, तिथे एका शाळेत नोकरी मिळत होती. आई सोडायला तयार नव्हती. "त्याची बायको त्याच्या घरात राहील," एवढंच.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, माणूस बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबायची रीत आहे, पण जहाजावरून गेलेल्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं. घरच्यांची तयारी असेल तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा. घरच्यांची तयारी म्हणजे आईची. आणि आई सांगायची, "बटणं काळी पडतील त्या दिवशी विचार मला."

तर मी ती काळी केली.

उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून बंद डब्यात पितळ ठेवलं की पितळ काळं पडतं. आई आठ दिवस मामाकडे गेली होती तेव्हा मी कीबोर्ड दुकानात नेला, उजळ टोप्या आणि स्पेसबार उपसून डब्यात घातला. तीन दिवस दुकानात तो घाण वास. गिऱ्हाईकं नाक धरून विचारायची, मी उंदीर मेलाय म्हणून सांगायचो. चौथ्या दिवशी सगळं एकसारखं काळं झालं. पुन्हा बसवलं, पावसला नेलं, फडकं टाकलं.

आई परत आली. सकाळी पूजा झाल्यावर तिने फडकं उचललं. मी मागे उभा होतो. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, माझ्या तोंडाकडे बघून ओळखेल. तिने एका बटणावर बोट फिरवलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "गुरुजींना बोलाव." तिने मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर मी कबूल झालो असतो, असं मला अजून वाटतं.

पुतळा लहान मुलाएवढा होता. डोक्याच्या जागी नारळ. अग्नी मी दिला, कारण दुसरं कोण देणार. दर्भ जळायला वेळ लागत नाही, नारळाला लागतो. सायली महिन्याभराने लांज्याला गेली. आता शाळेत शिकवते. आवाजात जीव आलाय तिच्या. तिच्या घरचे स्थळं बघतायत, आणि बघावीत असंच मला वाटतं. निखिलच्या फोटोला आईने स्वतःच्या हाताने हार घातला. मला म्हणाली, "ते बटणांचं घेऊन जा दुकानात. मला नको डोळ्यासमोर." मी आणून कपाटात ठेवलं.

दोन आठवडे मी तिकडे बघितलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रिंटरचा रोलर काढायला कपाट उघडलं.

सगळी बटणं लखलखत होती. आधी मधली पंधरा-वीस असायची, आता एकूण एक. जी वर्षातून एकदा कोणी दाबत नाही ती वरच्या ओळीची बटणंसुद्धा. आणि स्पेसबारवर ठिपका नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण पट्टी उजळ झाली होती, जशी काही कोणी दोन्ही हातांनी, मिळेल तिथे दाबलं आहे. मी तिथेच खाली बसलो. बाहेर रस्त्यावर दुपारची वर्दळ, कोणीतरी झेरॉक्स आहे का विचारत होतं.

आता तुम्ही विचाराल, पुन्हा कॉम्प्युटरला जोडून बघितलंस का. नाही. केबल खणात आहे, हात लावत नाही. आधी जोडलं तेव्हा काही उमटावं म्हणून मी आठ दिवस नवस बोलत होतो. आता मला भीती आहे ती उमटण्याची. सायलीला मी काय सांगू? आईला काय सांगू — की तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी डब्यात घालून काळं केलं? कोणी सांगेल हवेचा परिणाम, कोणी सांगेल माझ्या मनाचे खेळ. मी स्वतः दहा कारणं काढली आणि स्वतःच खोडली.

आई फोटोला हार घालते, श्राद्ध-पक्ष सगळं करते. पण दर रविवारी मी पावसला गेलो की पाणी देताना, माझ्याकडे न बघता विचारते, "संज्या, काळंच आहे ना रे ते?"

तिच्याशी एकदा खोटं वागलो तेवढं पुरे. म्हणून मी दर बुधवारी दुकानात अंडी उकडतो, पुन्हा उजळलेल्या सगळ्या टोप्या उपसून डब्यात घालतो आणि शनिवारी पुन्हा एकेक करून बसवतो. मग रविवारी मी सांगतो, "होय आई. काळंच आहे."