समेटाचं जेवण

जागेश्वर निमजे इतवारीतल्या साडीच्या दुकानात एकतीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवत आले. बाप हातमागावर विणायचा, मुलगा विकायला लागला, एवढाच फरक. चाळीस साड्या उलगडायला लावून गिऱ्हाईक ‘बघू’ म्हणत उठलं, तरी ते हात जोडून ‘पुन्हा या’ म्हणायचे. दुकानात हा गुण होता. दुकानाबाहेर तो रोगासारखा पसरला. भाऊबंद असोत की पोरीच्या सासरचे, कोणी जरा आवाज चढवला की त्यांचे हात आपोआप जोडले जायचे.

वैदेही त्यांची एकुलती एक मुलगी. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. साहिल बारापात्रेशी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नोकरी सुटली, म्हणजे सोडायला लावली. पुढं तिचा मोबाईल सासऱ्यांच्या कपाटात गेला. दोन वर्षांत ती तीनदा माहेरी आली. तिन्ही वेळा जागेश्वरांनी तिला स्वतः स्कूटरवर बसवून परत नेऊन सोडलं. “सहन कर वं बाई थोडं. डोकं निवते माणसाचं हळूहळू.”

चौथ्यांदा आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. तिच्या आईनं, पंचफुलानं, दारातच नवऱ्याला सांगितलं, “आता हिले सोडाले गेले तं तुम्हीबी तिकडंच राहा.”

पंधरा दिवसांनी वैदेहीच्या सासऱ्यांचा, ताराचंदांचा फोन आला. “रविवारी दुपारी सदरच्या हॉटेलात या, इवाई. बार्बेक्यूचं टेबल बुक करून राहिलो. हॉटेलात कोणी आवाज चढवत नाही, गोडीनं बोलणं होते.”

जागेश्वर सवयीनं हो म्हणाले. वैदेही म्हणाली, “येते मी. पण नांदाले नाही, माह्या तोंडानं नाही म्हणाले येते.”

रविवारी हॉटेलातल्या त्या टेबलाच्या मधोमध चौकोनी खाच होती. वेटरनं तिच्यात निखाऱ्यांची लोखंडी पेटी बसवली आणि वर चिकनच्या, पनीरच्या सळया मांडल्या. समोर साहिल बसला होता. तो कोणाकडे न बघता सळया फिरवत होता.

“खा इवाई, अनलिमिटेड आहे. लाजू नका,” ताराचंद म्हणाले.

जागेश्वरांनी पनीरचा तुकडा तोंडात टाकला, जीभ पोळली, तरी ‘छान आहे’ म्हणाले. पंचफुलानं आपली प्लेट पालथी घातली.

“आमच्या घराच्या चालीले ती जुळली नाही,” ताराचंद चिकन ओढत म्हणाले. “चूक तिचीच आहे. पण आम्ही पोटात घालतो. आजच घेऊन जातो.”

“माहा ओठ कोणी फोडला ते सांगा न, मामाजी,” वैदेही सासऱ्यांना म्हणाली.

“नवराबायकोत होते असं.”

“तुमच्या समोर झालं. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला.”

ताराचंदांनी हाड प्लेटच्या कडेला ठेवलं, बोटं पुसली आणि जागेश्वरांकडे वळले. “इवाई, तुम्ही तं धंद्यातले. नेसलेली साडी कोणी वापस घेते काय? आम्ही घेऊन राहिलो. हात जोडा आमाले.”

जागेश्वरांचे हात खरंच मांडीवरून उचलले गेले होते. पंचफुलानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात चार-पाच वेटर टाळ्या वाजवत, गाणं म्हणत केक घेऊन आले. त्या दिवशी साहिलचा वाढदिवस होता. ताराचंदांनी टेबल घेतानाच सांगून ठेवलं होतं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनीही टाळ्या धरल्या.

“सूनबाई, सुरीले हात लाव. फोटो काढतो,” ताराचंदांनी मोबाईल उभा केला.

वैदेहीनं हात मांडीवरच ठेवले. साहिलनं टेबलावरून वाकून तिचं मनगट पकडलं आणि केककडे ओढलं. तिचं कोपर तापल्या पेटीच्या कडेला लागलं. ती ओरडली. साहिल मोबाईलकडे पाहून हसत होता. मनगट त्यानं सोडलं नाही.

जागेश्वर उठले. त्यांनी साहिलची बोटं एकेक करून सोडवली. मग त्याचंच मनगट धरून निखाऱ्यांवर आणलं आणि वीतभर वर रोखून ठेवलं. साहिल जवान होता, पण एकतीस वर्षं कपड्यांचे गठ्ठे उचललेला तो हात त्याला हलेना. टाळ्या थांबल्या.

“माह्या पोरीले पुन्हा हात लावशील?”

“सोडा न!”

“लावशील काय?”

हातावरचे केस जळल्याचा वास आला. “नाही,” साहिल म्हणाला. जागेश्वरांनी हात सोडला. मग ताराचंदांना म्हणाले, “साडी नाही गा ते. अन् तुह्यासारख्या गिऱ्हाइकाले मी साडीबी दाखवणार नाही.”

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी व्याह्याला अरेतुरे केलं होतं. मॅनेजरनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

मुलाला जाळायला निघाला म्हणून ताराचंदांनी पोलिसांत तक्रार दिली. जागेश्वर दुसऱ्या दिवशी ठाण्यात चार तास बसले. “हो, धरला हात. जाळला नाही,” एवढंच ते प्रत्येकाला सांगत राहिले. वैदेहीनं फाटल्या ओठाचे फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवले. आठवड्याभरात ताराचंदांनी तक्रार मागे घेतली. घटस्फोटाला मात्र दीड वर्ष लागलं. समाजातली लग्नाची बोलावणी निमज्यांकडे येईनाशी झाली. ज्यांना जागेश्वर गरीब गाय वाटायचे, ते आता त्यांना तापट म्हणत.

हे सगळं त्यांनी सोसलं. त्यांना सोसवलं नाही ते वेगळंच. हॉटेलातून घरी आल्यावर पंचफुला लेकीच्या कोपराला मलम लावत होती. जागेश्वर जवळ उभे होते, पोरीच्या तोंडून एखादा शब्द येईल म्हणून. वैदेही वर न पाहता म्हणाली, “बाबा, हे पहिल्यांदा आली तेव्हाच काहून नाही केलं?”

जागेश्वरांनी हातातली स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवली.

आता तिला हुडकेश्वरला दुसऱ्या लॅबमध्ये काम लागलं आहे. तिथंच एक खोली घेऊन राहते. सुटीच्या दिवशी घरी येते, आईशी भरभरून बोलते, बापानं विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. एकदा जिन्यात गाठून जागेश्वरांनी तिची माफी मागितली.

“माफी नको मले,” ती म्हणाली. “मी अजून रागात आहे. राहू द्या मले रागात.”

“राह्य,” जागेश्वर म्हणाले, आणि तिला वाट द्यायला भिंतीकडे सरकले.