मामांचं हक्काचं राज्य

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक अमेरिकेत होते असा ज्यांचा समज आहे, त्यांनी माझ्या बायकोच्या मामांना पाहिलेलं नाही. ती होते बडोद्यात, हरणीच्या एका सोसायटीत, मामांच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर. मामा बँकेतून निवृत्त झालेले. अमेरिकेला कधी गेले नाहीत, जायची इच्छाही नाही. पण पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्या भागात कुणाची हवा आहे हे विचारा, चहा निवायच्या आत उत्तर हजर! दर चार वर्षांनी दिवाणखान्यात नकाशा चढतो. काही राज्यं तांबडी, काही निळी, आणि मधली पाच-सहा मामींच्या डब्यातल्या हळदीने पिवळी केलेली. "ही बघा जावईबापू, स्विंग स्टेट. यांचं अजून ठरायचंय. सगळा जोर इथं लावायचा. बाकीची ठरलेली. घरचीच ती, तिथं कशाला तोंड वाजवायचं?" एखादा उमेदवार चुकून हक्काच्या राज्यात सभा घेताना टीव्हीवर दिसला की मामांचं डोकंच फिरायचं. "अरे गाढवा, तिथं काय करतोयस? मिशिगनला जा, मिशिगनला!" हिंचका असा वेग घ्यायचा की मामी पुढचा कप उचलून घ्यायच्या.

हे सगळं टीव्हीपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या चेअरमननी आवारातला कडुलिंबाखालचा बाक तोडून तिथं गाड्या लावायचं काढलं. त्या बाकावर मामी रोज संध्याकाळी गुजराती मैत्रिणींबरोबर भाजी निवडत बसायच्या, कित्येक वर्षं. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिचा बाक तोडतात म्हणजे काय? बघतोच!" आणि चक्क चेअरमनपदाला उभे राहिले. मी बडोद्यातच, पण पार वासण्याला राहतो; तिथून मला रोज बोलावणं सुरू झालं. भिंतीवरची अमेरिका उतरली, सोसायटीचा नकाशा चढला, आणि चार घरांना हळद लागली.

त्या चार घरांची मामांनी काय सेवा केली म्हणून सांगू! तळमजल्यावरच्या, दोन गाड्या असलेल्या डॉक्टरांचं गुडघेदुखीवरचं व्याख्यान त्यांनी माना डोलावत ऐकलं. वास्तविक गुडघे मामांचे दुखतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन हसून म्हणाल्या, "काका, वोट तो तमने ज!" म्हणजे मत तुम्हालाच. जिन्यात मी मामांना सांगितलं की काल चेअरमननाही त्या हेच म्हणाल्या. मामा खूश! "हेच विस्कॉन्सिन! शेवटपर्यंत दोघांनाही हसून दाखवणार." सगळ्यांपुढे हात जोडून झाले, सगळ्यांचा चहा पिऊन झाला. दुपारी घरी येऊन मामा मामींना "पाणी दे गं" एवढंच म्हणायचे.

मामांच्या सोसायटीत नवरा-बायको दोघांनाही मत असतं. रविवारी मतदान झालं, पेटी बंद झाली, मतमोजणी झाली. आकड्यांचा हिशेब लावला तर हळदीची चारही घरं मामांच्या बाजूने आली होती. विस्कॉन्सिनसुद्धा! आणि मामा एका मताने पडले.

कुणाचं मत कमी पडलं याचा विचार करत आम्ही उभे होतो, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन मामी उतरल्या. पापडी, रताळी, छोटी वांगी. "जिंकलात ना? खंडेराव मार्केटला गेले होते हो. म्हटलं, रात्री सगळ्यांना उंधियू घालू."

"तू मत दिलंच नाहीस?" मामांचा आवाज एवढासा झाला.

"मला कुठं विचारलंत? अख्ख्या सोसायटीला हात जोडत फिरलात. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, माझ्या एकटीवाचून काय अडतंय!"

मामींनी मत दिलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी तरी टाकली असती. मामा तिथंच कडुलिंबाखालच्या बाकावर बसले. "आपल्या घरात कोण सभा घेतं गं," एवढंच पुटपुटले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामी, हा सगळा खटाटोप तुमच्या बाकासाठी होता." मामी पदर खोचून मामांच्या शेजारी बसल्या आणि पापडी सोलायला घेतली. "निदान दाणे तरी काढा," म्हणाल्या. रात्री चेअरमन दोनदा वाढून घेऊन जेवले. उंधियू झालाही फक्कड होता.

बाक गेला. तिथं आता डॉक्टरांची दुसरी गाडी असते. मला त्या जागेकडे बघून अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण परवा संध्याकाळी गेलो तर मामा दोन घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खुर्च्या खाली ठेवल्या, आणि विस्कॉन्सिनपुढे जोडायचे तसेच हात जोडून म्हणाले, "खाली कडुलिंबाशी बसू म्हणतो. येणार ना?"

मामींनी गॅस बारीक केला, हात पुसले. "विचारताय म्हणून येते," म्हणाल्या, आणि त्यातली एक खुर्ची स्वतः उचलली.