तांब्याचा हंडा

हंडा ठोकता ठोकता तांबट थांबला आणि त्याने तो पुन्हा भट्टीत सरकवला. मी विचारलं, "अजून झाला नाही?"

"ठोकून ठोकून तांबं कडक होतं, ताई. मध्ये तापवून मऊ केलं नाही, तर पुढच्या घावाला तडकतं."

म्हणजे कडकपणा ही ताकद नव्हे, आत साठलेला मार असतो. मला आई आठवली. वर्षानुवर्षं सासरी ती बोलणी खात राहिली, आणि आम्ही मुलं कौतुकाने म्हणायचो, "आई काय कणखर आहे!" एका दुपारी दूध उतू गेलं, बाबा नेहमीसारखे ओरडले, आणि ती गप्प झाली, ती कायमचीच.

डॉक्टरांना आम्ही सांगितलं, "अगदी अचानक झालं हो."