एका फाइलीसाठी धर्माला केलेला फोन

मंगळवारी सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलो, आणि चहा तसाच गार झाला... पनवेलच्या आमच्या घरात हे काही नवीन नाही. पण त्या दिवशी पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी काही कॉलेजात शिकलेला इंजिनिअर नाही. टेलिफोनच्या तारा जोडता जोडता कॉम्प्युटर शिकलो, तोही चुकत, ठेचकाळत. जोडीला होता जवळच्याच गव्हाण गावचा धर्मा. माझ्याहून हुशार... पण हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

धर्माच्या घरचं मिठागर होतं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, किती आत घ्यायचं ते त्याचे वडील खांबावरच्या खाचा बघून ठरवायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा आम्ही दोघांनी एक डबा बनवला. पाण्यावर एक फ्लोट, त्याची वायर कॉम्प्युटरला, आणि पाणी ठरलेल्या खाचेला टेकलं की घंटा.

त्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये, सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, आम्ही आमचा कोड घुसवला होता. एवढ्या खोलात जायची गरज नव्हती... हौस होती.

पुढे मिठागर गेलं. बांधकामासाठी त्यावर भराव पडला. त्या दिवशी मी धर्माला म्हणालो, ‘सुटलास बाबा एकदाचा त्या चिखलातून.’ मला वाटलं, त्याचं मन हलकं करतोय... त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. त्यानंतर आला नाही. सहा वर्षं झाली.

रस्त्यात कुणी गव्हाणचं भेटलं की मी उगाच त्याच्या गल्लीची चौकशी करायचो. फोन मात्र हातात घेऊन खाली ठेवायचो. इतक्या वर्षांनी रिकाम्या हाताने काय बोलणार... म्हणून ठरवलं, डबा पुन्हा चालू करायचा, त्याचा व्हिडिओ धर्माला पाठवायचा, आणि मग बोलायचं.

कोड जुन्या सीडीवर सापडला. पण तो कर्नल आज कंपाइल करणं, कोडचं मशीनला कळेल असं भाषांतर करणं, म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आताचे कंपायलर फार कडक झालेत, तेव्हा जे खपून जायचं ते आता खपत नाही. दहा एरर काढाव्यात तर वीस नव्या उभ्या...

तीन दिवस मी एकेक ओळ दुरुस्त करत बसलो. मग अक्कल आली. आपलं सगळं डागडुजीचं काम पुसून टाकलं, कर्नलला हात लावला नाही, आणि त्याच्या वयाचा जुना कंपायलर शोधून बसवला. गुमान चालायला लागला.

आणि मंगळवारी पुन्हा अडला. आमच्याच कोडमध्ये. ‘उघाडी डॉट एच’ नावाची फाइल सापडत नाही म्हणे.

तेव्हा आठवलं. वडिलांच्या खाचांचे आकडे धर्माने वेगळ्या फाइलीत ठेवले होते, आणि ती सीडीवर कधी दिलीच नव्हती. ‘ते घरचं हाय,’ म्हणायचा. बाकी सगळ्या एररची उत्तरं इंटरनेटवर मिळाली होती... ही फाइल जगात एकाच माणसाकडे होती.

आमची ही दारातून सगळं बघत होती. म्हणाली, “तीन दिवस त्या मशीनची मनधरणी केलीत. आता माणसाची करा.”

फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

“बोल वायरमन.”

नंबर अजून ठेवला होता त्याने...  मी एकदम एररच वाचून दाखवली, दुसरं काही सुचलंच नाही.

“फाइल नाय आता,” तो म्हणाला. “ती मशीन कवाच भंगारात गेली.” मी कीबोर्ड मागे सारला. मग तोच म्हणाला, “आकडं हायत. लिव.”

एकेक खाच तो सांगत गेला, न अडखळता. कुठल्या खाचेला उघाडी उघडायची, कुठल्या खाचेला घंटा. मी टाइप करत गेलो. चारच आकडे, पण प्रत्येकाआधी तो म्हणायचा, “बापूस बोलायचा...”

कंपाइल पुन्हा लावलं. माझा कॉम्प्युटर जुना, तासभर तरी जाणार. त्याला म्हटलं, झालं की कळवतो.

“र्‍हाऊ दे चालू,” तो म्हणाला.

मग फोन तसाच चालू राहिला. त्याच्याकडे कुकरच्या शिट्ट्या, कुणीतरी बादली आपटली... माझ्याकडे पंख्याची घरघर. मधूनच तो विचारायचा, “कुटं आला?” मी फाइलीचं नाव सांगायचो. खरं सांगतो, ते कंपाइल संपूच नये असं वाटत होतं.

संपलं. एकही एरर नाही. नवा कर्नल बसवला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, डबा जोडला. फ्लोट टेबलावर कोरडा पडलेला.

“काय दावतो?”

“शून्य.”



“मंग बरोबर दावतो,” धर्मा म्हणाला.

तेव्हा मात्र मी बोललो. “धर्मा, त्या दिवशी मी चिखल म्हणालो. चुकलं माझं.”

“तुना फार उशिरा एरर दिसतं रे वायरमन,” तो म्हणाला. “आयतवारी ये. वयनीला पन आन.”

धर्मा, तू फोन उचललास त्याबद्दल आभार इथेच मानतो... रविवारी समोर मानायला गेलो तर तू धड बोलू देणार नाहीस.