जिनिंगमागची गल्ली आणि लाख वाती

"टीबी नाही बाई तुम्हाला," परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, अन् मी पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागले. डॉक्टर गडबडले. त्यांना वाटलं, मी उलटंच ऐकलं. त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "रडू द्या तिला, साहेब. लेकरू दूर हाय तिचं."

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हा आमी सेलूला जिनिंगच्या मागच्या गल्लीत राहायचो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर तो सुरू झाला की रुईची बारीक लव उडून पत्र्यावर, भांड्यांत, दळणात, लेकरांच्या केसांत बसायची. अख्खी गल्ली होळीपर्यंत खोकायची. थंडीचा खोकला म्हणून आमी आल्याचा काढा प्यायचो अन् गप बसायचो. रोज मरे त्याला कोण रडे?

माझी सुमी झाली त्याच्या पुढच्या थंडीत मात्र माझा खोकला थांबेनाच. छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर. पाण्याची घागर उचलली की धाप. अंग वाळून काडी झालं. गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासली अन् म्हणाले, "टीबीसारखं वाटतंय. परभणीला तपासून घ्या. तोवर बाळाला अंगावर पाजू नका, जवळही घेऊ नका."

सुमी अजून रांगतही नव्हती. वालूरच्या माझ्या नणंदेलाही तान्हं होतं, ती येऊन सुमीला घेऊन गेली. मला वेळेवर दूध दाटून यायचं अन् मी न्हाणीत जाऊन पिळून टाकायची. मग हळूहळू तेही आटलं. बायांनो, त्या दुखण्यापुढं धाप म्हणजे काहीच नव्हती. लेकरू पुन्हा माझ्या मांडीवर येईल का, एवढाच एक विचार डोक्यात असायचा.

आत्याबाई मायाळू, पण महाहट्टी. त्यांनी देवीला लाख वाती बोलल्या. सून बरी होऊ दे, लेकरू घरी येऊ दे. अन् ज्याच्यासाठी नवस, त्याचा हात वातीला लागला पाहिजे. खरं तर या वाती देवकापसाच्या करतात. पण आमच्या गल्लीत देवकापसाचं झाड कुठलं? आत्याबाई म्हणाल्या, "वाऱ्यानं दारात आणून टाकला, तो देवाचाच कापूस." खिडकीच्या गजांवरची, तारेच्या कुंपणावरची रुई त्या ओंजळीनं गोळा करायच्या. मी ती हातानं पिंजायची अन् वाती वळायची. गार वारा लागू नये म्हणून दार लावून. जितक्या वाती वळाव्यात तितकी धाप वाढायची. अन् धाप वाढली की आत्याबाई म्हणायच्या, "वाती कमी पडायल्यात, माय."

परभणीला थुंकी तपासली, एक्स-रे काढला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाट बघतानाही मी वातीच वळत होते. म्हणून माझं रडणं आवरल्यावर डॉक्टरांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. "हे काय?" आत्याबाईंनी कौतुकानं सगळं सांगितलं, रुई कुठून आणतो तेही. डॉक्टरांनी एक पुंजका घेतला अन् पांढऱ्या कागदावर झटकला. तपकिरी भुगा पडला.

"याला ब्राँकियल अस्थमा म्हणतात," ते म्हणाले. "श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात. तुम्हाला ही धूळ सोसत नाही. कारखाना उडवतो ती वेगळी, अन् दार लावून नाकाशी पिंजता ती वेगळी. गोळ्या देतो, पण आधी या धुळीतून बाहेर पडा. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाळाला आजच जवळ घ्या."

बोललेला नवस अर्ध्यात टाकायचा म्हणजे आत्याबाईंसाठी लय मोठी गोष्ट. त्या बराच वेळ त्या भुग्याकडं बघत राहिल्या. मग पिशवी घेऊन तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली अन् म्हणाल्या, "देवीचं मी बघते. कोप व्हायचाच असला तर माझ्यावर होऊ दे म्हणते तिला."

आमी घरी गेलोच न्हाई, थेट वालूरला गेलो. सुमीनं मला ओळखलं न्हाई. नणंदेच्या खांद्याला घट्ट धरून ती किंचाळली. मी तिथंच बसून राहिले. दिवस कलला तेव्हा कुठं ती माझ्या बांगड्यांशी खेळायला आली.

मग आत्याबाईंनीच हट्ट धरला अन् आमी रुळांपलीकडं खोली घेतली. गल्लीतल्या बायांना घेऊन त्या जिनिंगच्या मालकाकडंही गेल्या. मालक म्हणाले, "बघू." बघू म्हणणाऱ्याचं बघून कधी होत न्हाई. पण मला श्वास मिळाला.

तुमचं घर जिनिंगशेजारी, वीटभट्टीशेजारी असेल अन् खोकला ठरावीक दिवसांतच येत असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. थंडीवर ढकलू नका.

पुढं आत्याबाईंचे डोळे गेले. काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढतो अन् नजर जाते. म्हातारपणी होतो, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. त्या हसल्या अन् चाचपडत माझा हात धरला.

"देवीनं माझ्याकडून वसूल केलं, तुझ्याकडून न्हाई," त्या म्हणाल्या. "सस्त्यात सुटलो, माय, आपण."

मी त्यांचे पाय दाबत बसले.