गोधनाच्या दिवशीची मोजणी

तारीख १४ सप्टेंबर १९६७. हौदासाठी रक्कम अठराशे पन्नास रुपये. हजर: सरपंच, ग्रामसेवक, गावची गुरं राखणारा म्हातारा गायकी आणि मी.

मी तेव्हा पंचायत समितीत कारकून होतो. राहायला नागपुरात, कामाचा भाग पारशिवनीकडचा. जिल्हा परिषदा होऊन पाचएक वर्षं झाली होती. कोणत्या गावाला काय द्यायचं हे आता मुंबईत नाही, तालुक्यात ठरायचं, आणि त्याचं लोकांना नवल होतं. या गावानं गुरांसाठी पाण्याचा हौद मागितला होता. आमच्या समितीचा ठराव असा की गावात किमान दोनशे जनावरं असतील तरच हौद. म्हणून मोजायला मला पाठवलं. आमच्या घरी हातमाग होता. लहानपणी ताण्याचे धागे मोजून माझी बोटं मोजणीला सरावली होती, आणि हे साहेबांना माहीत होतं.

हौद सगळ्यांत जास्त कोणाला हवा होता, तर गायकीला. जंगल जमीन गावाला बरीच, शेती थोडी, त्यामुळे गुरं हाच लोकांचा आधार. गुरं दुपारी जिथे विसावतात ते गोठाण गावापासून अर्ध्या मैलावर. तिथे एक जुनी विहीर होती, पण काढलेलं पाणी गुरांपुढे ठेवायचं कशात? म्हणून चैत्र-वैशाखात गायकी सगळा कळप तीन मैलांवरच्या नदीवर न्यायचा. वाटेत गाभण गाय पडून दगावली, तर रिवाजाप्रमाणे त्या गाईची वर्षाची दोन पायली ज्वारी त्याला मिळत नसे. मागच्या उन्हाळ्यात दोन पडल्या होत्या.

गावाबाहेर गुरं सकाळी जमतात त्या आखरावर मी उभा राहिलो. दोनदा मोजली. दोन्ही वेळा एकशे त्रेसष्ट.

"एवढीच आहेत," सरपंच म्हणाले.

 निघताना गायकी माझ्या सायकलीसोबत थोडा चालला.

"बाबू, गुरामागं पन्नास पैसे कर आहे ना पंचायतीचा?"

"आहे."

"मंग तुमी मोजाले येणार म्हणून चार दिवसांआधी दवंडी काहून देल्ली?"

 नियमाप्रमाणे दवंडी मीच द्यायला लावली होती. लोकांनी ती कराची मोजणी समजून गुरं गोठ्यात बांधून ठेवली. हौद मागणारी माणसं तीच आणि गुरं लपवणारीही तीच.

"दिवाळीच्या पाडव्याले या," तो म्हणाला. "गायगोधनाले, गुराईच्या पूजेले, कोनी जनावर घरी ठेवत नाही. ज्याची गाय गोधनाले नाही आली, त्याची वर्षभर गावात सोय नाही."

"मामा, मी आकडा लिहिला की तो ग्रामसेवकही वाचेल. कर वाढेल. तुमचं नाव मी सांगणार नाही, पण लोकांना कळेल."

"मले मालूम आहे," तो म्हणाला, आणि वळला.

पाडव्याला मी निघालो तेव्हा बायको ताट हातात घेऊन दारात उभी होती.

"पाडव्याले लोकाईचे नवरे ओवाळून घ्याले घरी राहतात. माहा गुरं मोजाले चालला!"

"उद्या दुपारी येतो."

"मंग ओवाळणी दुप्पट लागन."

गावात पोचलो तेव्हा आखरावर शेणाचं गोधन मांडलं होतं, त्यावर झेंडूची फुलं. डफडं वाजत होतं आणि कमरेला घुंगरू बांधून म्हातारा गायकी त्याच्या तालावर नाचत होता. अशी गुरं मी पूर्वी पाहिली नव्हती: गेरूचे ठसे, रंगवलेली शिंगं, गळ्यात मोरपिसांच्या माळा. एकेक मालक आपलं जनावर गोधनापुढून नेत होता. मी एका दगडावर बसून वहीत पाचापाचाच्या रेघा ओढल्या. सरपंचांनी आठ आणली. सप्टेंबरात त्यांची तीन होती.

त्यांनी मला पाहिलं. माझी वही पाहिली.

"ही पाच पाहुनी आहेत, बाबू. साळ्याच्या गावाहून कालच आली."

त्याच वेळी त्यातली एक तांबडी गाय गायकीजवळ गेली आणि त्याचा घामेजला हात चाटू लागली.

"अवो सरपंच," गायकी म्हणाला, "कालची पाहुनी अन् मले वळखून राहिली?"

लोक हसले, सरपंचही हसले. पण मी आकडा वाचला, दोनशे एकतीस, आणि हसणं थांबलं. अडुसष्ट जनावरं वाढली होती. म्हणजे वर्षाला चौतीस रुपये कर.

"तूच सांगतलं गा यायले," कोणीतरी गायकीला म्हणालं. "औंदा ज्वारी कोन देते ते पाह्यजो!"

त्यानं घुंगरू सोडले आणि खाली बसला.  मला त्याच्या बाजूनं बोलता येत होतं, पण त्या गावात माझं एक ढोरही नव्हतं. शेवटी एक म्हातारी उठली. मागच्या उन्हाळ्यात पडलेल्या दोन गाईंपैकी एक तिची.

"गाय दडवून पन्नास पैसे वाचवले मी बी," ती म्हणाली. "गाय नदीच्या वाटंवर मेली. आता सांगा, किती वाचले माहे?"

 सरपंचांनी ग्रामसेवकाला सांगितलं, "लिहा. आठ माही." मग बाकीचे एकेक करून आले. हौद भरायला मोटेला बैलजोडी लागणार, ती पाळीपाळीनं द्यायची हेही तिथंच ठरलं. पहिली पाळी सरपंचांची.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. ओवाळताना बायकोनं पहिला प्रश्न विचारला, "किती भरली?"

"दोनशे एकतीस."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि ओवाळणी दुप्पटच घेतली.

हौद मार्च १९६८ मध्ये गोठाणावर बांधून झाला. वासरांचं तोंड पोचावं म्हणून एका बाजूची भिंत गायकीनं वीतभर खाली घ्यायला लावली. आमच्या नकाशात ते नव्हतं. सिमेंट, विटा, रेतीचे बाराशे छत्तीस रुपये दुकानदाराला दिले, मजुरीचे पाचशे चाळीस गवंड्याला. नवा हौद दहा दिवस ओला ठेवायचा आणि तहानलेली गुरं त्यापासून लांब ठेवायची, हे काम गायकीचं. रोज अडीचप्रमाणे पंचवीस रुपये. उरलेले एकोणपन्नास समितीकडे परत गेले.

गायकीनं हजेरीपटावर अंगठा दिला, नोटा कमरेला खोचल्या आणि त्यातली एक मोडून पन्नास पैसे ग्रामसेवकापुढे ठेवले.

"हे कशाचे?"

"माह्या गाईचे."

"तुमची गाय?" मी विचारलं. "गोधनाला होती?"

"होती ना. घरवाली धरून उभी होती पिंपळाच्या मांगं. मी नाचून राहिलो होतो, तिले गोधनापुढून नेते कोन? अन् तुमी पुढून गेली तेवढीच मोजली."

मी वही काढली, दोनशे एकतीसवर रेघ मारून दोनशे बत्तीस लिहिलं आणि बाजूला सही केली. ग्रामसेवकानं पावती फाडली: गाय एक, पन्नास पैसे, पंचायतीला जमा. गायकीनं तिची घडी करून फेट्यात ठेवली आणि तो मोटेकडे गेला.